रिलीव्हर आल्याशिवाय

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. माणगावात माझं कापडाचं दुकान आहे. व्यापाऱ्याने रंग पक्का असल्याची शपथ घेतली, तरी ओला रुमाल घासून बघितल्याशिवाय मी गठ्ठा उतरवून घेत नाही. त्यामुळे नागावला एकटे राहणारे बाबा फोनवर म्हणाले, "बाय, माझा कॉम्प्युटर आता युरोपातल्या शास्त्रज्ञांचं काम करतो," तेव्हा माझ्या हातातली कात्री जागीच थांबली.

"पैसे मागितले का?"

"न्हाय."

"मग देणार आहेत?"

"ते पन न्हाय."

ना घेणं ना देणं, आणि तरी काम! मला ते मुळीच पटेना. म्हाताऱ्या माणसांना फोनवर घोळात घेऊन लुबाडल्याच्या बातम्या पेपरात रोज येतात. बाबांनाही कोणीतरी गळाला लावलंय, याची मला खात्री झाली. आई गेल्यापासून माणगावला चला म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते आणि ते दर वेळी विषय बदलत होते. आता मी ठरवूनच नवऱ्याबरोबर गाडीने निघाले. त्या कॉम्प्युटरचा सोक्षमोक्ष लावायचा, मोतीबिंदूचं लांबलेलं ऑपरेशन उरकायचं आणि त्यांना कायमचं घेऊन यायचं.

पडवीत त्यांनी कॉम्प्युटर मांडला होता. त्याच्या बाजूचा पत्रा काढून टेबलफॅनचा वारा थेट आत सोडलेला. पडद्यावर एका ठिपक्यातून रंगीत रेषा चहूकडे उडत होत्या.

"हे काय आहे?"

"टक्कर. तिकडं जमिनीखाली मोठा बोगदा हाय. त्यात कणावर कण आदळवतात. आदळल्यावर काय व्हायला पायजे, ते आधी गणितानं काढायचं. मग खरं काय झालं ते बघायचं. दोन्ही जुळलं न्हाय, तर समजायचं कायतरी नवीन हाय. गणित एवढं मोठं, की त्यांची यंत्रं पुरत न्हायत. म्हनून जगभर वाटून देतात. ज्याचं मशीन रिकामं, त्यानं थोडं करायचं."

म्हणजे हे लोकही आधी ओला रुमाल घासून बघणारे निघाले. पण मी ते तोंडावर दाखवलं नाही.

"आणि हे खूळ डोक्यात घातलं कोणी?"

हायस्कूलातल्या विज्ञानाच्या बाईंनी. त्या दुपारी बाई स्वतःच नववीच्या मुलांना घेऊन हजर झाल्या. मी चहा ठेवला आणि उलटतपासणी सुरू केली. बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, पुस्तकातला अणू मुलं पाठ करतात. पण शास्त्रज्ञ रोज नेमकं काय करतात, हे दाखवणारे गावात काकाच आहेत." एवढं गोड बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

बाबांनी मुलांना पडवीत बसवलं आणि सोललेल्या सुपाऱ्या काढल्या. दोन सुपाऱ्या समोरासमोर सोडायच्या, पण त्याआधी आपटल्यावर त्या कुठे जातील तिथे खडूने खूण करायची. सुपारी कुठली सरळ जायला! प्रत्येक खूण चुकत होती आणि मूल चुकलं की बाबांना जास्तच आनंद होत होता. "आता सांग, का चुकलं?" आमचा अभ्यास घ्यायला या माणसाला कधी वेळ नव्हता. मला राग आला.

मुलं गेल्यावर मी सांगून टाकलं, "उद्या अलिबागला ऑपरेशनची तारीख घेतली आहे."

"उद्या जमनार न्हाय. काम अर्ध्यावर हाय."

"बंद करा ते!"

"रिलीव्हर आल्याशिवाय उठता येतं व्हय?"

हा शब्द ऐकून माझं टाळकं सटकलं. बाबा थळच्या खताच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये होते. पुढच्या पाळीचा माणूस येऊन 'चार्ज घेतला' म्हणेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, असा तिथला नियम. माझं गॅदरिंग असो की मामाचं लग्न, बाबा मांडव सुटताना उगवायचे. "रिलीव्हर आला नसेल," आई म्हणायची, पण तोंड फिरवून. हा रिलीव्हर बाबांनी आम्हाला टाळायला काढलाय, असा आम्हा दोघींनाही संशय होता.

"मी होते तुमची रिलीव्हर," मी म्हणाले. "मग तर जाल?"

बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू बंद करशील. तू मला न्यायलाच आलीस, म्हायती हाय मला."

म्हणजे माझ्यावरही पाळत होती. मला फार वाईट वाटलं.

बाई अजून दारातच होत्या. "डोळ्यात थेंब घालायला मी येईन, ताई. शाळेच्या वाटेवरच घर आहे." मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सकाळी माझ्या नवऱ्याने गाडी काढली. बाबांनी मला खुर्चीत बसवून रीतसर सगळं सांगितलं. फॅन किती, मशीन किती गरम झालं तर चालेल, लाइट गेली तर इन्व्हर्टर कसा पुरवायचा.

"चार्ज घेतला म्हन."

"घेतला."

ते उठले आणि मागे न बघता गाडीत जाऊन बसले. इतक्या सहज त्यांना कुठूनही निघताना मी पाहिलं नव्हतं.

त्यांचे कपडे मी आधीच पिशवीत भरून दाराशी ठेवले होते. आता फक्त बटण दाबायचं होतं. काम बंद पडलं की त्यांची सबबही संपली. बोट तिथवर गेलंही. तेवढ्यात लाइट गेली, इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि मी धावत जाऊन फ्रिज, दिवे, घरातले पंखे, सगळं बंद करून आले. का, ते मला विचारू नका. मासेवाली दारात हाका मारून गेली, चहा राहिला, पण माझ्याने उठवेना. पडद्यावरचा झालेल्या कामाचा टक्का इतका हळू सरकत होता, की मान वळवली तर मागे जाईल असं वाटत होतं. रिलीव्हर खरा होता तर. आईला एकदा तरी या खुर्चीत बसायला मिळायला हवं होतं, असं वाटून मला रडू आलं.

दुपारी बाबा डोळ्यावर पट्टी आणि त्यावर काळा चष्मा लावून जावयाच्या हाताला धरून आले. दाराशी त्यांचा पाय पिशवीला लागला. त्यांनी वाकून ती चाचपली.

"मशीन मधेच ट्रिप झालं काय?"

"लाइट गेली होती. मशीन चालू आहे."

ते माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. "मी आलो. चार्ज घेतला. ऊठ, बाय."

चार्ज घेतलेल्या माणसाला खुर्चीवरून ओढून न्यायचं नसतं, हे आता मलाही कळलं होतं. मी उठले आणि पिशवीतले त्यांचे कपडे पुन्हा कपाटात लावायला घेतले.