आईचे तीन मेमो आणि माझी डिग्री

“उशिरा येणं या लोकांच्या रक्तातच आहे. लिही.”

तो खुर्चीत रेलून इंग्रजीत सांगत होता. मी समोर बसून शॉर्टहँडमध्ये उतरवत होते. वाक्यात पुढे आमच्या वसाहतीचं नाव आलं. माझी पेन्सिल थांबली.

“काय झालं? स्पेलिंग येत नाही?”

“येतं.”

“मग लिही ना. टायपिस्टने अर्थ बघायचा नसतो.”

मी लिहिलं. दुपारी टाइपही केलं. तीन प्रती. आमच्या माणसांचं रक्त कसलं आहे ते मी माझ्याच हातांनी कागदावर उतरवलं आणि त्यात एकही चूक केली नाही. टायपिंगमध्ये मी चांगली होते.

तो आमच्या पर्सोनेल मॅनेजरचा मुलगा. पुण्याला एम.बी.ए. करत होता. सुट्टीत प्रोजेक्ट करायला वडील जिथे मॅनेजर, त्या नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातच आला होता. विषय होता, पहिल्या पाळीचे कामगार उशिरा का येतात. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मला अगं-तुगं करायचा. मी त्याला छोटे साहेब म्हणायचे. तसं म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप तोंडातून यायचं. त्या आपोआपचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

हजेरीची पद्धत अशी होती. गेटपाशी एक मोठा फळा, त्यावर प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला. आलं की आपला बिल्ला काढायचा आणि पेटीत टाकायचा. सात वाजून दहा मिनिटांनी पेटीला कुलूप. त्यानंतर आलेला माणूस अर्धा दिवस बाहेर. महिन्यात तीनदा असं झालं की मेमो. टेंपरवारी कामगाराला तीन मेमो झाले की चौथा कागद नाही, थेट घर.

हे मेमो मी टाइप करायचे. नावं वरून यायची, मजकूर ठरलेला. ‘आपणास कामाची आस्था नसल्याचे दिसून येते.’ हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलं आहे की आता डोळे बांधले तरी करीन.

एक दिवस यादीत आईचं नाव आलं.

आई पॅकिंगला होती. टेंपरवारी. वडील गेल्यावर आम्ही नांदगावकडून नाशिकला आलो आणि तिने मिळेल ते काम केलं. कारखान्यातली ही नोकरी तिला सगळ्यात मोठी वाटायची. निळा ॲप्रन ती रोज रात्री धुवायची. मी तिथेच ऑफिसात लागले तेव्हा तिने विहारात मेणबत्ती लावली होती. मी ऑफिसात, ती पॅकिंगला. ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं की ती माझी आई आहे. म्हणजे मी सांगितलं नव्हतं. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

पहिला मेमो टाइप करताना माझे हात थांबले नाहीत. घरी येऊन मात्र मी तिच्यावर ओरडले. “जरा लवकर उठायला काय होतं तुला? माझी मान खाली जाते.”

ती म्हणाली, “उठते गं. पाणी भरायला येळ लागतो.”

मी ऐकून घेतलं नाही. दुसरा मेमो आला तेव्हा दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसरा मेमो तिने घरी आणला आणि माझ्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं.

“यात काय लिवलंय?”

मी टाइप केलेलं मीच तिला वाचून दाखवलं. आपणास कामाची आस्था नसल्याचे दिसून येते. ती म्हणाली, “आस्था म्हंजी?”

मी म्हणाले, “मन.”

मग कागदाची घडी करून तिने तो ट्रंकेत ठेवला. आठवड्याने तिचा बिल्ला फळ्यावरून काढला गेला. तेव्हापासून ती निफाडकडे द्राक्षांच्या कामाला जाते. सकाळी सातला ट्रक येतो, त्यात उभं राहून.

आता त्या प्रोजेक्टकडे येते.

रक्ताचं वाक्य टाइप केलं त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही. राग आला होता. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती मोठी होती. त्याने लिहिलं ते खरं असलं तर? मीही आईला तेच म्हणत होते ना? शब्द वेगळे, अर्थ तोच. सगळे गेल्यावर मी कपाटातून वर्षभराची हजेरी रजिस्टरं काढली. आईचं नाव शोधलं. उशिराच्या लाल खुणा बोटाने मोजत गेले.

सोमवारी लाल. मंगळवारी नाही. बुधवारी लाल. गुरुवारी नाही. मध्ये रविवारची सुट्टी आली की पुढचा आठवडा उलटा. मंगळवार, गुरुवार, शनिवार.

मग वसाहतीतल्या बाकीच्यांची नावं बघितली. सगळ्यांच्या खुणा त्याच दिवशी. दुसऱ्या भागातून येणाऱ्यांच्या कुठेही, कशाही.

आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. विहाराजवळ एकच नळ. सव्वासहाला पाणी सुटायचं आणि पाऊण तासात जायचं. चाळीस घरांची रांग. तिथून अंबडला चालत अर्धा तास. ज्याच्या घरी पाणी भरायला दुसरं माणूस असेल तो वेळेवर पोचायचा. ज्याच्या घरी नसेल तो उशिरा.

आमच्या घरी दुसरं माणूस होतं. मी होते. पण मी साडेसहाला कॉलेजात असायचे. सकाळचं बी.कॉम. नवाला वर्ग सुटला की तिथूनच ऑफिस. माझा एक तास बुडू नये म्हणून आई रांगेत उभी राहायची. तिचे तीन मेमो हे माझ्या बी.कॉम.चे होते. ती एकदाही तसं म्हणाली नाही. ‘तू कॉलेजला जातीस म्हणून,’ एवढं जरी म्हणाली असती तरी मला कळलं असतं. नाही म्हणाली.

मी त्या रिकाम्या ऑफिसात बसून रडले. मला माझी शरम वाटली. ज्या रजिस्टरवरून मी नावं उतरवत होते, ते रजिस्टर वाचायचं मला कधी सुचलंच नाही. टायपिस्टने अर्थ बघायचा नसतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी शिकलेलीच होते.

मग मी मशिनवर कागद चढवला आणि सगळं लिहून काढलं. दीड पान. तारखा, नावं, पाण्याची वेळ. शेवटी लिहिलं, रक्त एक दिवसाआड येत नाही, पाणी येतं.

सकाळी ते त्याच्या टेबलावर ठेवलं. मला वाटलं, चूक दाखवली की माणूस चूक सुधारतो आणि दाखवणाऱ्याचं नाव घेतो. ही आमची जुनी समजूत. पुस्तकं वाचून वर आलेल्यांची.

त्याने वाचलं. “हे कुठून काढलंस?”

“हजेरीच्या रजिस्टरमधून.”

“स्मार्ट आहेस गं.”

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? दिवसभर मी हवेत होते.

त्याने माझं दीड पान जसंच्या तसं रिपोर्टात घेतलं. रक्ताचं माझं वाक्य तेवढं काढलं, त्याचंही काढलं. वर मथळा आला, ‘संशोधकाचा निष्कर्ष’. तोही मीच टाइप केला. पुण्याला त्याच्या रिपोर्टाचं फार कौतुक झालं. कंपनीने पेटीची वेळ साडेसातची केली. साहेबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, ऑफिसात सांगितलं, “पोराने दोन महिन्यांत सोडवलं. याला म्हणतात मॅनेजमेंट.”

मी धीर करून विचारलं, “साहेब, पॅकिंगमधल्या ज्या बाईला यामुळे काढलं, तिला परत घेता येईल का?”

“नियम मागून लागू होत नसतो,” ते म्हणाले. “तुझी कोण ती?”

मी म्हणाले, “आई.” त्या ऑफिसात हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. साहेब ‘अच्छा’ म्हणाले आणि फाइल उघडली.

मुलगा पास झाला तेव्हा पेढे आले. बॉक्स टेबलाटेबलावर फिरला. प्रत्येकाने हात घालून उचलला. माझ्यापाशी आल्यावर साहेबांनी बॉक्स मागे घेतला, स्वतः एक पेढा काढला आणि वरून माझ्या तळहातावर सोडला. हसत. अगदी प्रेमाने. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्या लक्षात येतं. आम्हाला त्याची सवय असते.

त्याच सुमारास नाशिकच्या एका कॉलेजात संध्याकाळचे एम.बी.ए.चे वर्ग निघाले होते. तीन वर्षांचा कोर्स, नोकरी करणाऱ्यांसाठी. फॉर्मला कंपनीचं पत्र लागायचं. जे काम मी एका संध्याकाळी केलं त्याला जर मॅनेजमेंट म्हणतात, तर ते रीतसर शिकावं, असं माझ्या मनात आलं. मी पत्र मागायला केबिनमध्ये गेले.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला सांगितलं.

“हे बघ, तुझ्या भल्याचं सांगतो. मॅनेजर व्हायला डिग्री पुरत नाही. घरातून यावं लागतं ते. बोलणं, वागणं, ओळखी. डिग्री घेशील, पण तुला खुर्ची कोण देणार? उगाच तीन वर्षं वाया घालवशील. तुमच्याकडे जातीचा दाखला आहे की. सरकारी नोकरी बघ. हे पत्र कशाला हवं?”

मी बाहेर आले. संडासात जाऊन तोंड धुतलं. सगळ्यात वाईट काय, तर त्यांचं अर्धं बोलणं खरं होतं. कारखान्यात आमच्यातला एकही ऑफिसर नव्हता. बी.कॉम. होऊनही मी टायपिस्टच होते. आणि मागच्या डिग्रीचं काय झालं ते मला माहीत होतं. आईची नोकरी गेली होती. आता आणखी एक डिग्री, ती कुणाच्या जिवावर? मी फॉर्म फाडला नाही, पण भरलाही नाही. महिनाभर तो उशीखाली पडून होता. सरकारी भरतीच्या जाहिराती कापून ठेवू लागले.

मग एक दिवस साहेबांनी बोलावलं. मुलाचा लेख एका मासिकात छापून येणार होता. त्या पाण्याच्या शोधावर. हस्तलिखित माझ्यापुढे टाकून म्हणाले, “आज टाइप करून दे. स्वच्छ.”

मी उभ्या उभ्या वाचलं. माझं दीड पान. आईच्या लाल खुणा, तारखांसकट. वर त्याचं नाव.

“साहेब, हे मी लिहिलंय.”

“टाइप तू केलंस.”

“लिहिलं मी. माझं नाव घाला. नाहीतर मी टाइप करणार नाही.”

त्यांचा चेहरा पहिल्यांदा खरा दिसला. “नोकरी करायची आहे ना?”

मी हस्तलिखित परत त्यांच्या टेबलावर ठेवलं. “करायची होती,” एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला स्टोअरला पाठवलं. बसायला स्टूल, काम काही नाही. महिनाभर काढला आणि राजीनामा दिला. लेख कुणी दुसऱ्याने टाइप केला. छापून आला. मी मासिक आणून बघितलं. एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नव्हता.

मग पुण्याचा पूर्णवेळचा एम.बी.ए.चा फॉर्म भरला. त्याला कंपनीचं पत्र लागत नाही. परीक्षा दिली, मुलाखत दिली, नाव लागलं. स्कॉलरशिप आहे, होस्टेल आहे. पुढच्या आठवड्यात जायचं आहे.

काल आईला सगळं सांगितलं. मेमोचं, रजिस्टरचं, ऑफिसात तिची ओळख लपवली त्याचंही. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

“मला ठावं व्हतं,” म्हणाली. “तू गेटापाशी माझ्याकडं बघायची नाय. म्हून मीबी बघायची नाय.”

मी तिच्या पायाशी बसले.

मग तिने विचारलं, “तिथं शिकून तूबी असे कागद काढशील का?”

मी मान हलवली. नाही. तिला ते पुरलं की नाही, मला माहीत नाही. ती म्हणाली, “मला चांगलं वाटत नाय. एकटीनं ऱ्हायचं, पाणी भरायचं. पर जा.”

ही डिग्री घेण्यात फायदा आहे का, असं शेजारचे विचारतात. मला हिशेब येत नाही. दोन वर्षं आई पुन्हा एकटी रांगेत उभी राहणार आणि रांगेतून थेट ट्रककडे पळणार, एवढं मला माहीत आहे. परत आल्यावर मला कुणी खुर्ची देईल, असं मी धरून चाललेली नाही. देणार नाहीत, बहुतेक. तरी जाणार. मी लिहिलेलं यापुढे दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही. कुणाच्या उशिराचा कागद माझ्यापुढे आला तर त्याच्या घरी सकाळी काय चालतं ते बघितल्याशिवाय मी तो टाइप करणार नाही, त्यावर सहीही करणार नाही. त्यासाठी पुढे मिळेल ती नोकरीही गेली तर जाऊ दे. आणि पहिल्या दिवशी वर्गात कुणी विचारलं, आई काय करते, तर मी मोठ्याने सांगणार आहे.