चौदा फोनांची खोली

ती घटना आजही आठवली की मी मनातल्या मनात कान पकडतो. तेव्हा माझी नेमणूक चाकणच्या बाजूला होती. कुरुळीतला एक खोलीमालक ठाण्यात आला. "साहेब, माझ्या भाडेकरूकडं चौदा फोन हायेत. येकटाच ऱ्हातो. फोन आला की नुसतं आकडं सांगत बसतो, दुसरं बोलनं न्हाई."

ओटीपी विचारून लोकांना गंडवणाऱ्या टोळ्यांनी त्या काळात आमची झोप उडवली होती. मला वाटलं, घबाड हाती लागलं. स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि सकाळी दहालाच छापा घातला.

फळीवर चौदा साधे, बटणांचे फोन ओळीने चार्जिंगला लावलेले. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. माणूस चाळिशीचा, मराठवाड्यातल्या डोंगरी गावातून आलेला, एका कंपनीत हेल्पर. आम्ही फोन बंद करू लागलो तसे त्याने हात जोडले. "बंद करू नका साहेब. आज पाचच्या आत एक मेसेज यायचाय."

साथीदाराचा असणार, असं मी ठरवूनच टाकलं. सगळे फोन बंद करून पाकिटात घातले, वर लाखेचं सील मारलं. फार हुशार होतो मी!

ठाण्यात विचारलं, "फोन कुणाचे?"

"गावाचे."

हवालदार हसले. मीही हसलो.

"गावात रेंजच नाही बघा. रेशन, पेन्शन, विमा, समदं मोबाईलवर आलंय. आकडे आल्याबिगर काहीच होत नाही. म्हणून गावानं आपापले फोन माझ्याकडं ठेवलेत. लोक तालुक्याला जाऊन नेट सेंटरवरून मला फोन लावतात, मी आकडे सांगतो." दिवसा हे जमावं म्हणून त्याने कायमची रात्रपाळी मागून घेतली होती.

मी म्हणालो, "थाप मारायलाही डोकं लागतं."

पण गुन्हेगार जामिनाचं विचारतो, वकिलाचं विचारतो. हा फक्त वेळ विचारत होता. तिसऱ्यांदा "किती वाजले साहेब?" आलं, तेव्हा मी विचारलं, "पाचला आहे तरी काय?"

त्याच्या गावाकडच्या शेजाऱ्यांच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता. पाचच्या आत ओटीपी टाकला नाही, तर जागा पुढच्या नंबरला जाणार होती.

खात्री करायला त्याच्या तालुक्याच्या ठाण्याला फोन लावला. तिथला शिपाई नेट सेंटरवर जाऊन आला. "मुलगी सकाळपासून बसून आहे, साहेब. काकांचे फोन बंद का लागतात, विचारतेय." तेवढ्यात सायबर सेलचाही निरोप आला. चौदापैकी एकाही नंबरवर तक्रार नव्हती.

सव्वाचार झाले होते. पंचांशिवाय सील फोडता येत नाही आणि दोघेही पंच आपापल्या कामाला निघून गेले होते. नियम मोडला असता तर मला कुणी फासावर चढवलं नसतं. तरी मी पंचांची वाट बघत बसलो.

सील फुटलं तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. मुलीचा फोन सुरू केला आणि एकामागून एक सात मेसेज आले. पोर दिवसभर प्रयत्न करत होती. मी सेंटरवर फोन लावून दिला. त्याने शेवटच्या मेसेजमधले आकडे सावकाश वाचले.

पलीकडून आवाज आला, "काका, वेळ संपली म्हणतंय."

"माझीच चूक झाली पोरी. फोन बंद राहिला माझ्याकडून."

मी वर्दीत त्याच्या समोर बसलो होतो. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन घेतला आणि तिला सांगितलं, "बाळ, चूक त्यांची नाही. फोन मी बंद केले."

तिचं वर्ष गेलं. कारभार मोबाईलवर आला, रांगा कमी झाल्या, हे चांगलंच झालं. पण त्या गावात रेंजच्या आधी नियम पोचला, आणि मधलं सगळं अंतर एक हेल्पर आपली झोप मोडून भरून काढत होता. मी नेमका त्यालाच धरून आणला.

पुढच्या नोकरीत कुठलाही फोन जप्त करताना मी आधी विचारत असे, "याची वाट कोण बघतंय?" हाताखालची पोरं गालात हसायची. मी मात्र उत्तर मिळेपर्यंत थांबायचो.