चुडामण पेंटरनं काढलेली पाठ

पिंप्राळ्यात चुडामण पेंटरला कोण ओळखत नव्हतं? किराणा दुकानाची पाटी असो, लग्नघराच्या भिंतीवरचे हत्ती असोत, नाहीतर गेलेल्या माणसाचा फोटोवरून काढलेला मोठा चेहरा असो, सगळं त्याच्याकडेच यायचं. त्यातही गेलेल्यांचं काम त्याला सोपं जाई. लोक आणत तो फोटो बहुधा कुठल्यातरी लग्नातला, पुसट, निम्मा चेहरा टोपीच्या सावलीत. मग चुडामण काय करी? स्वतःच्या बापाचं कपाळ आणि बापाचेच डोळे बसवी. टोपी ज्याची त्याची, मिशा ज्याच्या त्याच्या. घरचे चित्र पाहून रडत आणि म्हणत, "हुबेहूब!" वीस वर्षांत एकानंही नाही म्हटलं नव्हतं. याला फसवणूक म्हणाल तर आहे, नाही म्हणाल तर नाही. रडणाऱ्या माणसाशी वाद कोण घालतो?

सत्याऐंशी सालच्या चैत्रात भडगावाकडून सुकदेवभाऊ त्याच्या दुकानात आले. ते एका पाणीवाटप संस्थेचे सचिव. संस्था दर दोन महिन्यांनी चार पानांचं वार्तापत्र काढायची. पाण्याच्या पाळीच्या तारखा, कपाशीवरची फवारणी, कोणाचा मुलगा पास झाला, असला सगळा मजकूर. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा अंक मात्र उखर्डूआबांच्या नावानं काढायचा होता. आबा पाटकरी होते. पाटाचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं ते बघायचे. सव्वीस वर्षं फावडं खांद्यावर टाकून बांधावरून चालले आणि नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात गेले.

"पहिल्या पानावर चित्र पाहिजे," सुकदेवभाऊ म्हणाले.

"फोटो ठेवून जा."

"तिथंच तर घोडं अडलंय! फोटोच नाही. संस्थेचा फोटो काढला त्या दिवशी पाट फुटला. आम्ही खुर्च्यांवर बसलो, आबा फावडं घेऊन पळाले. आणि खरं सांगू का पेंटरभाऊ? अंक आमचा, पण चित्र ताईबाईला पाहिजे."

ताईबाई म्हणजे आबांची बायको. आखाजीला आबांच्या नावाची पहिली पाण्याची घागर भरून पुजायची होती, आणि म्हातारीनं एकच धोशा लावला होता, की घागर भरते, पण हात जोडून पाहू कोणाकडे?

"काढू," चुडामण म्हणाला. त्याचा बाप होताच मदतीला.

तरी भडगावाकडच्या चार लोकांना विचारायचं म्हणून विचारलं. एक म्हणे आबांचं नाक सरळ होतं, दुसरा म्हणे बसकं. एकाच्या मते मिशा भरघोस, तर आबांचा सख्खा पुतण्या म्हणाला, "मिशा होत्या का हो?" घ्या! चुडामणनं आपल्या हिशोबानं चेहरा रंगवला आणि एस.टी.नं भडगाव गाठलं. ताईबाईनं चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"हाऊ कोन शे?" तिनं विचारलं.

चुडामणचे कान तापले. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी असं विचारलं होतं. आठ दिवसांनी तो दुसरा चेहरा घेऊन आला. म्हातारीनं मान हलवली. तिसऱ्या खेपेलाही तेच झालं. आखाजी आता चार दिवसांवर आली होती, आणि पेंटरचा पारा चढला.

"अक्का, मग तुम्हीच सांगा ना, कसा होता चेहरा!"

ताईबाई खाली बघू लागली. मग म्हणाली, "त्यासनं तोंड मी धडीन देखंच कव्हय?"

तोंड धड बघणार तरी कधी? सासू-सासरे होते तोवर घरात पदर नाकापर्यंत. शेतात, बाजारात, लग्नाला जाताना आबा भरभर पुढे आणि ती मागे पळत. सासू-सासरे गेले तेव्हा मान वर करायची सवयच राहिली नव्हती. चुडामणला वाईट वाटलं. आपली आईही बापाच्या मागूनच चालायची, हे त्याला त्या क्षणी आठवलं. त्यानं कोरा कागद काढला आणि ओट्यावर बसकण मारली.

"मग मागून कसे दिसत, ते सांगा."

आता मात्र म्हातारी थांबेना. "त्यासना डावा खांदा जरासा खाले शे," ती म्हणाली. धोतराचा सोगा कमरेला खोवलेला. मानेवर टोपीखाली उन्हाचा काळा पट्टा. चालताना कोपर अंगापासून लांब. पाऊल कसं पडे ते दाखवायला तर ती अंगणात चालूनच दाखवू लागली. सत्तरीची बाई, पण भरभर चालली. चुडामण काढत गेला. बापाचं काहीच कामाला आलं नाही.

सुकदेवभाऊंनी चित्र पाहून कपाळावर हात मारला. "अहो, श्रद्धांजलीच्या अंकावर पाठ? लोक तोंडात शेण घालतील!"

तेवढ्यात संस्थेत पाळीचं विचारायला आलेला लोटन त्यांच्या खांद्यावरून डोकावला. "अरे, आबा चालले!" तो म्हणाला. सुकदेवभाऊंनी चित्र पुन्हा हातात घेतलं. चित्र छपाईच्या ब्लॉकला गेलं आणि अंक वेळेवर निघाला.

आखाजीला चुडामण मूळ चित्र चौकटीत घालून घेऊन गेला. घागरीच्या वर खिळ्याला अडकवलं. ताईबाई समोर येऊन उभी राहिली आणि सवयीनं पदर ओढायला हात वर गेला. मग तिनं तो हात तसाच खाली घेतला आणि चांगली मान वर करून पाहिलं.

"पन्नास वरीस त्यासना मांगे पयनू," ती म्हणाली. "आते एकदाना थांबनात."