सोन्याच्या कपाळावरच्या गोगलगाई

समुद्र मी आजवर पाहिलेला नाही, पण समुद्रातल्या गोगलगाईंनी आमच्या बैलाला पोळ्यात पहिलं बक्षीस मिळवून दिलं आहे.

आमची रंजू तेव्हा अमरावतीला राजापेठेत खोली घेऊन एम.एस्सी. करत होती. सरांबरोबर कोकणात जाऊन आली. मला वाटलं, काजू आणेल. आणली काय, तर रिकामी कवचं! सुपारीएवढी, फुगीर, तपकिरी ठिपक्यांची. पाच डब्यांत कापसावर निजवलेली. (त्या वर्षी कापसाला एवढा मान फक्त रंजूनेच दिला. बाजारात तर कोणी विचारत नव्हतं.)

"आई, ह्या बुडबुडा गोगलगाई. एकाच कुळातल्या, पण पाच वाण."

"मले तर सगळ्या सारख्याच दिसून राहिल्या."

"वरून सारख्याच दिसतात वं! आतलं अंग पाह्यल्याशिवाय कळत नाही. मी एकेकीचं पोट तपासलं, मंग कवच वेगळं ठेवलं. पोळा झाला का सरांले दाखवाच्या हायेत. माहे सगळे मार्क त्याच्यावर!"

एवढं सांगून ती मैत्रिणीकडे अकोल्याला गेली. दुसऱ्या दिवशी पोळा. आमच्या सोन्या बैलाची कपाळावर बांधायची कवड्यांची पट्टी काढली, तर उंदरांनी कुरतडलेली. यांनी आधीच बजावलं होतं, "यंदा बजारातलं काही आणाचं नाही." जोडीतला दुसरा बैल विकून झाला होता. उरलेला सोन्या, तोही उघड्या कपाळाने पोळ्यात उभा राहणार? माझं मन तयार होईना.

मग माझी नजर डब्यांवर गेली. लग्नाला जाताना आपण शेजारणीची माळ मागून घालतो आणि संध्याकाळी परत देतो. तसंच हे! एका दिवसात गोगलगाई थोड्याच झिजणार? पाचही डब्या परातीत ओतल्या. प्रत्येक कवचावर मुंगीएवढा काळा मळ दिसला. परक्याची वस्तू मळकी कशी वापरायची? राख घेऊन लख्ख घासल्या आणि डिंकाने लाल कापडावर चिकटवल्या.

तेवढ्यात शेजारचे रहीमचाचा आले. त्यांचाही एकच बैल, मोत्या. दोघं मिळून आमची एक जोडी व्हायची.

"भाभी, आमच्या मोत्याले बी लावा ना थोडं. बेचारा नंगा दिसून राहिला!"

अर्ध्या गोगलगाई मोत्याला.

रंजू बसमधून उतरली ती थेट पोळ्याच्या तोरणाखाली, बैल उभे होते तिथे आली, आणि थबकली.

"आई, सोन्याच्या कपाळाले काय हाय?"

"तुह्या गोगलगाई. चांगल्या दिसून राहिल्या ना?"

"अन बाकीच्या?"

"मोत्याच्या कपाळाले."

"अन नंबर?"

"कोणते नंबर?"

"एकेकीवर बारीक काळ्या शाईनं लिहेल होते!"

"ते नंबर होते व्हय? मी राखेनं घासले."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. यांनी डोक्याला हात लावला. "पाच वाण एका परातीत? पेरणीच्या वक्ताले मी बियाण्याचं असं केलं असतं, तं तू मले भाकर देल्ली असती काय वं?"

रंजूने पिशवीतून भिंग काढलं आणि सोन्याच्या कपाळाला नाक लावून उभी राहिली. मागून बाया कौतुकाने म्हणाल्या, "एवढी शिकली, पण बैलाची पूजा कशी मन लावून करते पाहा!" आणि त्याही कुंकू घेऊन धावल्या. पाचही वाणांवर कुंकू, वरून गुलाल!

त्यातच पहिलं बक्षीस आमच्या जोडीला जाहीर झालं. स्टीलची बादली. सरपंच ओरडले, "ज्या बाईनं सजावट केली तिनं पुढं यावं!" मी चारचौघांत नाव विचारलं तरी पदर तोंडात धरणारी. मोत्याच्या मागे जाऊन लपले. मोत्या बाजूला सरकला. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या.

पुढे जोडी घरोघरी पुरणपोळी खात फिरली आणि रंजू मागोमाग फिरली, एखादी गोगलगाय गळून पडते की काय म्हणून. संध्याकाळी मी कोमट पाण्याने डिंक सोडवला. ती अंगणात भिंग घेऊन बसली. कोणाचं तोंड रुंद, कोणाच्या शेंड्याची खळी खोल, असं पुटपुटत एकेक डबीत टाकत गेली. मी जवळ जाऊन म्हटलं, "मी मदत करू?"

"नको!" असं तिघंही ओरडले. (रहीमचाचासुद्धा.)

सरांपुढे डब्या उघडल्या तेव्हा एका कवचाचं कुंकू गेलेलं नव्हतं.

"ही लाल कुठली?" सरांनी विचारलं.

"सर, ही आमच्या गावची, बाळापूरकडची," म्हणत रंजूने सगळं सांगून टाकलं. सर पोट धरून हसले. नंबर नसताना नुसत्या कवचावरून वाण ओळखले म्हणून मार्कही चांगले दिले.

पण हे अजून सोडत नाहीत. पाहुणा आला की मला ऐकू जाईल असं सांगतात, "गोगलगाईचे पाच वाण पोरीनं शोधले. सहावा घरीच हाय. वरून लय गरीब दिसते, पण आतलं सांगता येत नाही. दिसन ते घासते!"

मी बक्षिसाची बादली घेते आणि राखेने घासायला बसते.