चेहऱ्याचं टचिंग

त्या माणसाने आमच्यावर उपकार केला होता, आणि तेच मला अजून सहन होत नाही. वाईटपणाने केलं असतं, तर भांडून मोकळी झाले असते.

नगरच्या एका छापखान्यात तो टचिंग करायचा. म्हणजे छापायच्या चित्रावर बारीक ब्रश फिरवून डाग काढायचे, ओठ रेखायचे, लग्नाच्या फोटोतली नवरी उजळ करायची. आमच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ त्याच्या टेबलावर गेलं आणि त्याने त्यावरची आमच्या गोष्टीतली मुलगी गोरी करून टाकली. नुसती गोरी नाही, गुलाबी. गालांवर लाली, ओठांवर लाली. गठ्ठ्याची सुतळी सोडून मी वरची प्रत बघितली, तर वाटलं, दुसऱ्याच कुणाचं काम आमच्या हातात दिलंय.

संगमनेरात माझा थोरला भाऊ पाट्या रंगवायचा. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, गाड्यांचे नंबर. मी कॉलेजात होते आणि गोष्टी लिहायचे. नव्वदच्या त्या दशकात नगरच्या रद्दीवाल्याकडे परदेशी रद्दीचे गठ्ठे यायचे. त्यातला गुळगुळीत कागद दादा ब्रश पुसायला आणायचा. एकदा त्यात एक चित्रकथा निघाली, अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी काढलेली. हिरो काळा, त्याची आई काळी, गल्लीतलं म्हातारंकोतारं काळं. शेवटच्या पानावरचं इंग्रजी मी डिक्शनरी घेऊन लावलं. मोठ्या कंपन्यांना आमच्या गोष्टी नकोत, म्हणून आम्हीच काढतो, आम्हीच छापतो आणि आमच्याच वस्त्यांत नेऊन विकतो, असं काहीसं होतं. दादाने ते पुस्तक उशाखाली ठेवलं. काही दिवस त्याचं कशात लक्ष नव्हतं. मग एकदा जेवताना म्हणाला, "आपल्या पोरांसाठी हाय का आसलं काई?"

नव्हतं. आमच्या वस्तीतली पोरं जी चित्रांची पुस्तकं फाटेपर्यंत वाचायची, त्यांत राजे होते, राजपुत्र होते, दुसऱ्या ग्रहावरून आलेले पैलवान होते. आमच्या गल्लीतलं कुणी नव्हतं. मग आम्हीच करायचं ठरवलं. मी गोष्ट लिहिली ती सोनईकडच्या एका शाळकरी मुलीची. ती समोर उभी राहिली की खोटं बोलणाऱ्याची जीभ टाळूला चिकटते. शाळेत पोरांना मिळणारा तांदूळ कोण पळवतं, हे ती बाहेर काढते. दादाने चित्रं काढली. मुखपृष्ठ तेवढं रंगीत, आतली पानं काळी-पांढरी. मुखपृष्ठासाठी त्याने माझा हात शेजारी ठेवून घेतला आणि पोस्टर कलर पुन्हा पुन्हा ढवळून तिचा रंग माझ्या हाताशी जुळवला. माझा रंग असा कौतुकाने कुणी न्याहाळलेला मला आठवत नाही. एरवी लोक तो बघायचे ते हळद लाव, दुधाची साय लाव, असं सांगायलाच.

पुस्तक चौदा एप्रिलच्या जयंतीला विकायला काढायचं होतं. संगमनेरचे छापखाने तेव्हा पत्रिका आणि पावत्याच छापायचे, म्हणून नगर. जयंतीच्या आदल्या दिवशी मी एसटीने गठ्ठे आणायला गेले आणि हे निघालं.

मी टचिंगवाल्यापुढे प्रत टाकली आणि विचारलं, हे कुणी सांगितलं होतं करायला? त्याने चष्मा वर सरकवला.

"एवढी देखणी पोरगी काढली, पण रंगात मार खात हुती. म्या नीट करून दिली."

वर मला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला. मी तावातावाने बोलत होते आणि त्याला माझा राग खरंच कळत नव्हता. सगळ्यांच्याच करतो, म्हणाला, आजवर कुणाची तक्रार न्हाई. मूळ चित्र मागितलं. त्याने ब्रश त्यावरच फिरवला होता. दादाने जुळवलेला रंग गुलाबी थराखाली कायमचा गेला होता. चहा तसाच ठेवून मी उठले. एसटीत मांडीवर गठ्ठा घेऊन बसले.

घरी आले तर आमच्या जयंती मंडळाचे एक जाणते गृहस्थ दादाशी बोलत बसले होते. त्यांनी प्रत उचलली, लांब धरून बघितली आणि म्हणाले, "उलट बरं झालं की. आता खपंल."

हे गृहस्थ दरवर्षी जयंतीला स्टेजवरून स्वाभिमानावर तासभर बोलायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. परक्याने केलं ते एक वेळ गिळलं असतं, पण घरच्या माणसाला ते बरं वाटावं? मी त्यांना तोंडावर सांगितलं की, काका, उद्या भाषण करू नका, तोंडाला पावडर लावून नुसते उभे राहा. मोठ्या माणसाला असं बोलू नये, म्हणून आई माझ्यावर ओरडली. ते चप्पल घालून गेले. मला जराही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दादाने जुनी एक्स-रेची फिल्म काढली. नंबर रंगवायला तो तिचेच साचे कापायचा. चेहरा आणि हात तेवढे कापून काढले, तपकिरी ऑइलपेंट कालवला, आणि वस्तीतल्या बुद्धविहाराच्या फरशीवर बसून आम्ही एकेका प्रतीवर साचा ठेवून चिंधीने रंग टिपत गेलो. डोळे-नाक झाकलं जायचं, ते तो बारीक ब्रशने पुन्हा काढायचा. उजाडेपर्यंत आमची मुलगी पुन्हा आमची झाली. माझा राग जरा उतरला. जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

जयंतीच्या सकाळी विहारासमोर टेबल मांडलं. रंग पुरता वाळला नव्हता, प्रती एकमेकींना चिकटत होत्या, पोरांची बोटं तपकिरी होत होती. तरी पोरं घेत होती. चौथीत शिकणारी आमच्याच गल्लीतली एक मुलगी प्रत घेऊन टेबलाशेजारीच खाली बसली आणि बोट ठेवून वाचायला लागली. पार शेवटपर्यंत वाचलं. मग मुखपृष्ठ बघितलं, पुन्हा आतलं पान उघडलं.

"ताई, ही भाइर आपल्यासारखी हाय. आत गोरीच हाय."

मी सांगितलं की आतली चित्रं नुसत्या काळ्या शाईची असतात, त्यांत रंग नसतो.

"मग ह्याला कसा हाय?" तिने तांदूळचोरावर बोट ठेवलं. "आत आपल्यासारखा निस्ता चोरच हाय."

मी पान बघितलं. मुलीचा चेहरा कोरा, कागदाएवढा पांढरा. तिची आई पांढरी, वस्ती पांढरी. चोराचं तोंड मात्र दादाने बारीक रेघा ओढून ओढून काळंभोर केलं होतं. चोर चोरासारखा दिसायला हवा म्हणून हात आपोआप तसा चालला होता. ती पानं कित्येक महिने आमच्या डोळ्यांखालून गेली होती. नगरच्या त्या माणसाला मी आदल्या दिवशी जे जे बोलले होते, ते सगळं माझ्या तोंडाशी आलं आणि बोलायला समोर आम्हीच होतो.

दादाचा चेहरा उतरला. त्याने खिशातलं पेन काढलं, वाकून तिच्याकडे हात केला आणि म्हणाला, आण इकडं, नीट करून देतो.

तिने पुस्तक छातीशी धरलं.

"नगं," ती म्हणाली. "मी करते."

आणि पेन तेवढं मागून घेतलं.