नझारेच्या किनाऱ्यावर मनीषा

मनीषाच्या नवऱ्याचा, समीरचा फोन आला तेव्हा मी इथे आयर्लंडमध्ये, चेरीवूडच्या ऑफिसात होते. "मनीषा गेली गं," एवढंच तो म्हणाला. आजारी होती, कल्पना होती, तरीही... लॅपटॉप तसाच उघडा टाकून मी गाडीत जाऊन बसले. त्याला आता दीडेक महिना होईल.

माझी ही मैत्रीण लिक्सलिपला, चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होती. अलिबागजवळच्या कोळीवाड्यातून शिकून इथवर आलेली. पण आम्हा पुण्या-मुंबईकरांच्या घोळक्यात कुणी गाव विचारलं, की "अलिबागकडची" एवढं सांगून विषय बदलायची. पुण्याच्या हॉस्टेलवर सुक्या बोंबलांच्या वासावरून मुलींनी तिला खोलीबाहेर काढलं होतं. तेव्हापासून आईने पाठवलेलं सुकट ती पिशवीत पिशवी घालून बांधायची आणि कपाटात सगळ्यात मागे ढकलायची.

मग एका सुट्टीत आम्ही दोघी पोर्तुगालला गेलो, नझारेला. मासेमारीवर वाढलेलं समुद्रकाठचं शहर. भर रस्त्यालगतच्या वाळूत जाळीच्या चौकटी मांडलेल्या, त्यांवर चिरलेले मासे उन्हात वाळत घातलेले, आणि पर्यटक कौतुकाने फोटो काढतायत. मनीषा जागीच थांबली. तिथूनच तिने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि मासे राखत बसलेल्या म्हातारीसमोर फोन धरला. तिकडून आई ओरडली, "दुसरी बाजू दाखव गो पोरी! मीठ बराबर लावलाय का बगूदे!" म्हातारीला शब्द कळला नाही, पण तिने मासा उलटून दाखवला, वर आपल्या एकावर एक घातलेल्या घागऱ्यांचे थरही दाखवले. मग आईने लुगड्याचा काष्टा दाखवला. दोघी खदखदून हसत होत्या आणि मनीषाचे डोळे वाहत होते. "इथे यांचे फोटो काढतात गं," ती म्हणाली, "आणि मी पिशव्या बांधत बसले..."

त्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळात ती कोळी पद्धतीने लुगडं नेसून आली. माइक हातात घेऊन म्हणाली, "मी मनीषा. कोळ्याची पोर. माझी आई मासळी विकते, तिच्या जिवावर मी इंजिनिअर झाले." हॉलभर टाळ्या... मला त्या टाळ्यांपेक्षा तिची ताठ मान आठवते. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्या यशाचाही वाटला नव्हता.

मागच्या रविवारी तिच्या घरी गेले. मागच्या अंगणात तिने काचेची शेड बांधून घेतली होती. इथल्या उन्हाचा काय भरवसा! आत दोरीवर मॅकरेल, म्हणजे इथले बांगडे, वाळत होते. तिची लेक इरा एकेक उलटत होती, शेजारी तिची आयरिश मैत्रीण नाक दाबून उभी. इराला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीतच, तेही इथल्या हेलात. मैत्रिणीने विचारलं, हे काय चाललंय? इराने हातातला मासा नीट टांगला आणि म्हणाली, "वी आर कोली."

कोळी नाही... कोली. आजीही 'ळ'चा 'ल'च करते; थेट तिच्या तोंडचा शब्द.