पोहता येतं का?

कॉलेज रोडवरच्या त्या ट्रॅव्हल्सवाल्या बाई मालदीवच्या बेटांवर फिरायला अख्खी यॉट भाड्याने मिळवून देतात. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत त्या विचारतात, "पोहता येतं का?" एखादा द्राक्ष बागायतदार "विहिरीत शिकलोय की," म्हणाला, तर लगेच म्हणतात, "दादा, समुद्राला पायऱ्या नसतात." मग स्वतःच मोठ्याने हसतात.

माझ्या मेव्हण्याने सगळ्या कुटुंबासाठी अशी यॉट ठरवली होती. आम्ही नवरा-बायको दोघंही जाणार होतो. हिवाळ्यात पत्नी वारली. आमची नावं यादीतून काढायला मी बाईंकडे गेलो. एक नाव त्यांनी काढलं, दुसऱ्यापाशी थांबल्या.

"सर, पोहता येतं का?"

"नाही. आणि मला जायचंही नाही."

"ते नंतर सांगा. निघायला अवकाश आहे. उद्या सकाळी पोहण्याच्या तलावावर या."

का गेलो, सांगता येणार नाही. उथळ बाजूला बाई आधीच उभ्या होत्या, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून.

"तुम्हालाही येत नाही?"

"येत असतं तर सगळ्यांना विचारत बसले असते का?"

तेव्हापासून आम्ही शेजारी शेजारी पाय मारतो. "सर, सोडा कठडा!" असं त्या रोज ओरडतात, स्वतः मात्र सोडत नाहीत.

आज मी म्हणालो, "बाई, आधी तुम्ही."

त्यांनी डोळे मिटले आणि हात सोडले. थोडं अंतर गेल्या, पाणी प्यायल्या, धडपडत उभ्या राहिल्या. खोकत खोकत म्हणाल्या, "नाव राहू देऊ ना, सर?"

मी कठडा सोडला.